अणुप्रकल्पाचा परवाना आणि आपत्कालीन नियोजन

अमेरिकेत अणुऊर्जा प्रकल्पाच्या परवान्यासाठी केवळ अणुभट्टी सुरक्षित असणे पुरेसे नाही. अपघात झाल्यास परिसरातील लोकांचे रक्षण करता येईल, याची वाजवी खात्री अणुनियामक आयोगाला पटावी लागते.

या अटीमागे पेनसिल्वेनिया राज्यातील थ्री माइल आयलंडचा अपघात आहे. २८ मार्च १९७९ रोजी तेथील अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. दोन दिवसांनी राज्यपालांनी पाच मैलांच्या परिघातील गर्भवती स्त्रिया व लहान मुलांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात सुमारे १,४०,००० लोकांनी घरे सोडली.

त्यानंतर १९८० मध्ये आयोगाने नवे नियम केले. त्यांनुसार प्रकल्पाभोवती दोन क्षेत्रे ठरली. सुमारे १० मैलांच्या (१६ किलोमीटर) क्षेत्रात लोकांना त्वरित सावध करणे, घरातच थांबविणे किंवा स्थलांतरित करणे यांची योजना आवश्यक झाली. सुमारे ५० मैलांच्या (८० किलोमीटर) क्षेत्रात दूध, पाणी व अन्नधान्यावर नियंत्रणाची तरतूद करावी लागते. प्रकल्पाबाहेरील योजनांची तपासणी 'फेमा' ही संघीय संस्था करते.

मात्र कुंपणाबाहेरील रस्ते, पोलीस व शाळा वीजकंपनीच्या अखत्यारीत नसतात. ही अडचण न्यूयॉर्क राज्यातील शोरहॅम प्रकल्पात उघड झाली. प्रकल्प लाँग आयलंड या चिंचोळ्या बेटावर होता. पूर्वेकडील रहिवाशांना बाहेर पडण्यासाठी प्रकल्पाच्याच दिशेने यावे लागले असते. फेब्रुवारी १९८३ मध्ये सफोक काउंटीच्या विधिमंडळाने सुरक्षित स्थलांतर अशक्य असल्याचा ठराव १५ विरुद्ध १ मतांनी संमत केला. राज्यपाल मारिओ कुओमो यांनीही कंपनीच्या योजनेस मान्यता नाकारली.

स्थानिक शासनाने असहकार केल्यास कंपनीची स्वतःची योजना विचारात घेता येईल, असा बदल आयोगाने १९८७ मध्ये केला. एप्रिल १९८९ मध्ये शोरहॅमला पूर्ण क्षमतेचा परवानाही मिळाला. परंतु तोपर्यंत प्रकल्प बंद करण्याचा करार राज्याशी झाला होता. सुमारे सहा अब्ज डॉलर खर्चाचा हा प्रकल्प एका डॉलरला राज्याकडे गेला आणि खर्चाचा मोठा भाग वीजग्राहकांवर पडला. तेथे व्यापारी वीजनिर्मिती कधीच झाली नाही.

२०२३ मध्ये आयोगाने लहान व नव्या पद्धतीच्या अणुभट्ट्यांसाठी संभाव्य धोक्यानुसार क्षेत्र लहान ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे कुंपणाबाहेरील जबाबदारी किती अंतरापर्यंत, हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे.