आयन झोतांचे संकोचन व दिशानियंत्रण

जडत्वीय संमीलनात ड्यूटेरियम व ट्रिटियमची इवलीशी गोळी चहूबाजूंनी एकाच क्षणी इतकी दाबतात, की ती विखुरण्याआधीच तिच्यातील केंद्रके एकमेकांत मिळतात. हा दाब आयन झोतांनी देता येतो, तसाच लेसरनेही. कॅलिफोर्नियात ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाजूल लेसर-ऊर्जेच्या बदल्यात ३.१५ मेगाजूल संमीलन-ऊर्जा मिळाली. मात्र लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाजूल वीज लागली. जड आयनांचे वेगवर्धक विजेचा वापर कितीतरी काटकसरीने करतात आणि सेकंदाला अनेक स्पंद देऊ शकतात. म्हणूनच १९७०च्या दशकापासून वीजकेंद्रासाठी त्यांचा विचार होत आला आहे.

खरी अडचण वेळेची आहे. काही मेगाजूल ऊर्जा जेमतेम १० नॅनोसेकंदांत, काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर ओतावी लागते. १० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे एकभारी आयन धरले, तर ५ मेगाजूलसाठी साधारण ५० हजार अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह उगमापाशी मिळत नाही. म्हणून लांब स्पंद अनेक झोतांत वाटून घेतात आणि वाटेत प्रत्येक झोत आखूड करतात. त्यासाठी बदलत्या विद्युतक्षेत्राने शेपटाकडील आयनांना डोक्याकडील आयनांहून जास्त वेग देतात. पुढच्या मोकळ्या अंतरात शेपूट डोक्याला गाठते. समान भारांचे प्रतिकर्षण याच्या आड येते. अमेरिकेतील बर्कली येथे पोटॅशियम आयनांचा झोत प्लाझ्मातून नेला, तेव्हा प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांनी ते प्रतिकर्षण शमवले आणि स्पंद सुमारे ५० पट आखूड झाला. मुळातच आयनांच्या वेगांत विस्कळीतपणा असेल, तर मात्र इलाज नाही: लांबी आणि वेगांची विखुरण यांचा गुणाकार या युक्तीने घटत नाही. म्हणून उगमाची शिस्त पुढच्या कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची ठरते.

भारतात संमीलनासाठी असा वेगवर्धक नाही, पण हे तंत्र मुंबईत रोज वापरात आहे. १९५५मध्ये जिनिव्हातील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत नियंत्रित संमीलन साधेल असे भाकीत केले होते. त्यांनीच उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाब्याला, १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन हा वेगवर्धक १९८८च्या अखेरीस सुरू झाला; भाभा अणुसंशोधन केंद्रासह तो चालवला जातो. येथे ऋण आयनांचा सलग झोत पेलेट्रॉनच्या मनोऱ्याच्या माथ्यावरून निघतो. पेलेट्रॉनमध्ये शिरण्याआधीच बंचर हे उपकरण त्याचे सुमारे १०७ नॅनोसेकंदांच्या अंतराने पुंजके पाडतो. प्रत्येक पुंजका साधारण दीड नॅनोसेकंदाचा. पुढच्या अतिसंवाहक लिनॅकच्या (रेषीय वेगवर्धकाच्या) तोंडाशी सुपरबंचर तोच पुंजका आणखी आवळतो.

लिनॅकचे दोन भाग शेजारी-शेजारी असल्याने झोताला मध्ये १८० अंशांचे वळण घ्यावे लागते. साध्या वळणात वेगवान आणि मंद आयनांचे मार्ग फाकतात व आवळलेला पुंजका पसरतो. येथील चुंबकांची मांडणी अशी आहे, की थोड्या वेगळ्या ऊर्जेचे आयनही सारख्याच वेळात वळण पार करतात. मला हा भाग या यंत्राचा सर्वांत देखणा वाटतो. मुंबईतील झोताचा प्रवाह अत्यल्प असल्याने प्रतिकर्षण तिथे फारसे जाणवत नाही. संमीलनाच्या झोताला असे वळण हजारो अँपिअरच्या प्रवाहासह घ्यावे लागेल.