शनीचे रत्न

रायपूरच्या उत्तरेचे बीरगांव आणि त्याला लागून असलेले उरला म्हणजे लोखंडाचा मुलूख. भट्ट्या, रोलिंग मिल, आणि लोखंड घासणाऱ्या चाकांवरून उडणाऱ्या ठिणग्या. येथे नीलमाची आठवण व्हावी असे वरकरणी काहीच नाही. परंतु त्या चाकांतील खर पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने नीलमही तेच द्रव्य होय.

धार लावण्यासाठी आपले लोक पूर्वापार कुरुंद वापरीत आले. ‘कोरंडम’ हे पाश्चात्त्य नावही या भारतीय शब्दावरूनच घडले. छत्तीसगडच्या दक्षिण टोकास, बिजापूर जिल्ह्यातील कुचनूरच्या परिसरात, कुरुंद सापडतो. माणिक व नीलम ही त्याच कुरुंदाची पारदर्शक भावंडे. काठिण्याच्या मापात हिरा १०, तर ही ९. लेशमात्र क्रोमियमने माणकास लाली येते. लोखंड व टिटॅनियम यांच्या अंशाने नीलमास निळाई. परंपरेने लोखंड हा शनीचा धातू ठरविला आणि नीलम हे शनीचे रत्न. ही जोडी लावणाऱ्यांस त्या निळाईतील लोखंड दिसणे शक्य नव्हते. तरी योगायोग मनोरम आहे खरा.

गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत इंद्रनीलाची उत्पत्ती बल नामक असुराच्या नेत्रांपासून सांगितली आहे. ते नेत्र सिंहलद्वीपी पडले. ही कथा असली तरी भूगोल खोटा नाही, कारण सिंहलाचे नीलम आजही जगद्विख्यात आहेत. शंभरपट दुधात ठेवला असता सारे दूध निळे करील तो महानील, असेही तेथे म्हटले आहे. ही अतिशयोक्ती आपण सोडून देऊ. पण त्याच अध्यायात एक व्यवहारी इशारा आहे: अग्नीचे प्रमाण न कळून जो मणी दाहदोषाने दूषित झाला, तो बाळगणाऱ्यास, करणाऱ्यास व करविणाऱ्यास अनर्थकारक होतो. म्हणजे रत्न तापविण्याची विद्या त्या काळीही अपरिचित नव्हती. आज बाजारातील बहुसंख्य नीलम रंग खुलविण्यासाठी तापविलेले असतात. १९७० नंतरच्या दशकात तर सिंहलातील ‘गेउडा’ नावाचे फिकट, दुधी खडे थायलंडमध्ये तापवून गर्द निळे होऊ लागले. पुराणाचा निकष अक्षरशः लावला, तर शनीच्या भयाने घेतलेल्या कित्येक अंगठ्या आधीच सदोष ठराव्यात!

न तापविता मखमली निळाई असणारा नीलम काश्मीरचा. १८८१ च्या सुमारास पाडरच्या दुर्गम पहाडात दरड कोसळून तो उघडा पडला. महाराजा रणबीरसिंहांनी तेथे पहारे बसविले. परंतु ते दशक सरण्यापूर्वीच मुख्य साठा संपला. त्या अल्पकाळातील खड्यांवर काश्मिरी नीलमाची कीर्ती आजवर उभी आहे.

रत्न भाग्य राखते, या समजुतीची एक साक्ष आपल्या घरच्या इतिहासात आहे. रायपूर ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते, त्यांतील तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वयोवृद्ध बाकाबाईंचा विरोध व्यर्थ गेला. वाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावात विकण्यात आले. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची रत्ने होती, त्यांच्या मदतीस त्यांतील एकही आले नाही; उलट राज्याआड ती रत्नेही गेली.

तरीही बदलीचा हुकूम आला, बढती अडली किंवा मुलाचे शिक्षण रखडले, की परमुलखातील आपला मराठी माणूस साडेसातीचा हिशेब करू लागतो. शनीस सूर्याभोवती फिरण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत अडीच व तीन राशींत साडेसात वर्षे. एवढ्या काळात कोणाच्या संसारात एखादे संकट येणार नाही? मग नीलम रात्री उशाखाली ठेवून पाहावयाचा, स्वप्न वाईट पडले तर परत करावयाचा, आणि मानवला तर मधल्या बोटात घालावयाचा, हा परिपाठ सुरू होतो.

नीलम घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. त्याच्या रंगास तोड नाही. घ्यावा तर प्रयोगशाळेचा दाखला मागून, तापविलेला आहे की नाही हे विचारून, आणि डोळ्यांस आवडला म्हणून घ्यावा. कर्ज काढून, भयापोटी मात्र घेऊ नये. लोखंडाच्या अंशाने निळा झालेला हा दगड देखणा आहे. आपल्या घरावरचे संकट वारण्याचे ओझे त्याच्यावर का घालावे?