टंकयंत्राकडून संगणकाकडे

मुलुंडच्या आमच्या कॅथलिक घरांतील कित्येक मुली शालान्त परीक्षा होताच टायपिंग-शॉर्टहँडच्या वर्गाला जात आणि पुढे लोकलने फोर्टमधील कचेऱ्या गाठत. पुढ्यातील यंत्रही पुष्कळदा शेजारचेच असे. विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले होते. चार कार्बन प्रती घालून एकही चूक न करता पत्र उतरविणे, हीच त्या मुलींची पत.

बँकांत कामगार संघटना संगणकाविरुद्ध दीर्घकाळ झगडल्या; १९९३ च्या करारानंतर तो विरोध बराच निवळला. पुढे आयातशुल्क उतरले, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून स्वस्त संगणक मिळू लागले आणि दशक सरता सरता लहान कचेरीतही ते आले. पडद्यावरची चूक फुकट खोडता येऊ लागली, तसे अचूक बोटांचे मोल घसरले. साहेब स्वतःच पत्रे लिहू लागले! चाळिशी उलटलेल्या काहीजणी नव्याने शिकल्या व टिकल्या. काही घरी बसल्या. सार्वजनिक बँकांतून २०००-०१ मध्ये सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. त्याचे सारे खापर संगणकावर फोडणे मात्र आम्हांस न्याय्य वाटत नाही. गोदरेजने टंकयंत्रांचे उत्पादन थांबविले ते २००९ मध्ये.