आर्पागाँची पेटी

९ सप्टेंबर १६६८. पॅरिसच्या पाले-रॉयाल नाट्यगृहात मोलिएरचे ‘लाव्हार’ म्हणजेच ‘कंजूष’ हे नाटक प्रथम रंगमंचावर आले. कंजुषाची भूमिका स्वतः मोलिएरने केली. त्याला तेव्हा खोकल्याने ग्रासले होते. तो खोकलाही त्याने त्या पात्राच्या अंगी चिकटवून दिला. प्रेक्षकांनी मात्र फारसा उत्साह दाखवला नाही. पाच अंकी नाटक पद्यात असावे हा तेव्हाचा संकेत, आणि हे तर सरळ गद्यात होते.

आर्पागाँ हा साठी ओलांडलेला विधुर सावकार. त्याने दहा हजार सोन्याचे एक्यू, म्हणजे तीस हजार लिव्र, एका पेटीत घालून बागेत पुरले आहेत. मुलगी एलीज हिला तो पन्नाशीच्या आन्सेल्मला देऊ पाहतो, कारण हा जावई हुंडा मागत नाही. मुलगा क्लेआंत याच्यासाठी त्याने एक विधवा हेरली आहे. स्वतःसाठी त्याने निवडली आहे मारियान ही गरीब घरची तरुणी. क्लेआंतचे प्रेम नेमके तिच्यावरच आहे.

मग ही मुले बापाला झुगारून लग्न का करीत नाहीत? याचे उत्तर फ्रान्सच्या कायद्यात आहे. १५५६ च्या राजाज्ञेनुसार तीस वर्षांखालील मुलगा किंवा पंचवीस वर्षांखालील मुलगी आईबापाच्या संमतीविना विवाहबद्ध झाली, तर आईबापांना तिचा वारसाहक्क काढून घेता येई. १५७९ च्या ब्लुआ येथील राजाज्ञेने त्यापुढे मजल मारली. अल्पवयीन मुलीला लग्नाच्या आमिषाने वश करणाऱ्याला देहदंड! एलीजचा प्रियकर वालेर याने तिला बुडताना वाचवले आहे. तिच्या सहवासासाठी तो तिच्याच घरी कारभारी म्हणून राबतो आहे, आणि दोघांनी विवाहाच्या वचनावर गुपचूप सह्याही केल्या आहेत. शेवटच्या अंकात आर्पागाँ त्याला फाशीची धमकी देतो तेव्हा प्रेक्षागृह हसते खरे. पण त्या धमकीमागे कायदा उभा होता, हे १६६८ च्या प्रेक्षकाला सांगावे लागत नसे.

नाटकातला सर्वांत बोचरा प्रसंग कर्जाचा. पैशाची निकड लागलेला क्लेआंत दलालामार्फत पंधरा हजार लिव्र मागतो. अज्ञात सावकार आपल्या पैशावर सुमारे साडेपाच टक्के व्याज सांगतो. वर अशी मखलाशी की एवढी रक्कम जवळ नसल्याने ती दुसऱ्याकडून वीस टक्क्यांनी उचलावी लागेल, आणि तो भारही ऋणकोनेच सोसायचा. एकूण पंचवीस टक्क्यांहून अधिक! १६६५ मध्ये कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा होती पाच टक्के. शिवाय रोख केवळ बारा हजार. उरलेल्या तीन हजारांच्या बदल्यात जुना पलंग, बंदुका आणि गवत भरलेले सरड्यासारख्या प्राण्याचे कातडे. सावकार आणि ऋणको समोरासमोर येतात, तेव्हा ते बापलेक निघतात.

या प्रसंगात दोषी केवळ बाप नाही. कर्जाला तारण म्हणून मुलाने काय देऊ केले होते? आपला बाप आठ महिन्यांच्या आत मरेल, ही हमी. रुसोने १७५८ मध्ये या नाटकावर टीका केली ती मुलाच्या उद्धटपणासाठीच. रुसोचा आक्षेप सोवळा वाटतो, पण त्याने बोट योग्य जागी ठेवले होते. क्लेआंतचे मारियानवरील प्रेम खरे आहे आणि बापाच्या मरणावर लावलेला डावही तितकाच खरा आहे. स्वार्थी म्हातारा आणि निष्पाप प्रेमिक अशी सोपी वाटणी मोलिएर करीत नाही. त्या कसोटीवर टिकतो तो वालेर, आणि त्यालाही रोज धन्याची खुशामत करावीच लागते.

योगायोग असा की याच १६६८ साली मोलिएर स्वतः आपल्या बापाला कर्ज देत होता. घराच्या बांधकामासाठी वृद्ध पोकलँ यांना पैशांची गरज होती. मोलिएरने स्वतःचे नाव पुढे न करता रोओ या विद्वान मित्राच्या नावाने ती रक्कम दिली. रंगमंचावर बाप अज्ञात सावकार, प्रत्यक्षात मुलगा.

चौथ्या अंकाच्या अखेरीस पेटी चोरीला जाते आणि पाचव्या अंकात आळ वालेरवर येतो. आर्पागाँ पेटीविषयी विचारतो, वालेर एलीजविषयी उत्तरे देतो, आणि बराच वेळ दोघांच्याही ध्यानात काही येत नाही. कारण ‘माझा अमोल ठेवा’ या भाषेत एक माणूस सोन्याविषयी बोलू शकतो आणि दुसरा प्रियेविषयी. संपूर्ण नाटकाचा अर्क याच संवादात आहे. आर्पागाँला मुलीचे गुपित कळते तेव्हाही त्याचा पहिला शोक पेटीचाच असतो.

मूळ कल्पना रोमन नाटककार प्लाउटसच्या ‘आउलुलारिया’ची. त्या नाटकाचा शेवट हरवला आहे, पण उपलब्ध सारांशांनुसार तिथला म्हातारा अखेर सोन्याचे भांडे मुलीसोबत जावयाच्या हाती देतो. मोलिएरने हे हृदयपरिवर्तन नाकारले. आन्सेल्म हा वालेर आणि मारियान यांचा हरवलेला पिता निघतो, हा योग कृत्रिम आहे यात शंका नाही. परंतु पित्याच्या संमतीविना लग्न अडणाऱ्या समाजात ती गाठ सोडवायला दुसरा पिताच आणावा लागला, हेही ध्यानात घ्यावे. आर्पागाँची संमती मात्र युक्तिवादाने मिळत नाही. क्लेआंत त्याच्यापुढे निवड ठेवतो : मारियान की पेटी?

मराठी रंगभूमीवर हा कंजूष आचार्य अत्रे यांच्या ‘कवडीचुंबक’मधून अवतरला आणि इथल्या प्रेक्षकाला तो परका वाटला नाही. मूळ नाटकात दोन्ही लग्ने ठरतात, खर्च आन्सेल्म उचलतो, आणि त्या सोहळ्यासाठी आर्पागाँ स्वतःकरिता एक नवा पोशाखही त्याच्याच खर्चाने शिवून मागतो. बाकीचे मारियानच्या आईला आनंदाची वार्ता द्यायला निघतात. आर्पागाँ आपल्या पेटीकडे वळतो.