देगाच्या मेणाच्या नर्तकी

संग्रह म्हटला कीं काचेचें कपाट आणि तें कौतुकानें पाहणारे पाहुणे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु कलेच्या इतिहासांत लहानशा नर्तकींचा एक संग्रह असा होऊन गेला कीं, तो कोणा पाहुण्यासाठीं मांडलेलाच नव्हता. फ्रेंच चित्रकार एद्गार देगा हा २७ सप्टेंबर १९१७ रोजीं पॅरिस येथें वारला. त्यानंतर त्याच्या चित्रशाळेंत मेणाच्या व मातीच्या सुमारें १५० मूर्ति सांपडल्या. कांहीं धड होत्या, कित्येक मोडून पडल्या होत्या. घोडे व स्नान करणाऱ्या स्त्रिया यांच्याबरोबर त्यांत मोठा भरणा नर्तकींचा होता.

देगाच्या रंगविलेल्या नर्तकी जगानें पाहिल्या होत्या. घडविलेली मात्र एकच, ती म्हणजे चौदा वर्षांची छोटी नर्तकी. पॅरिसच्या ऑपेरांत नृत्य शिकणारी मारी व्हान गेथेम ही गरीब मुलगी तिचा नमुना होती. सुमारें एक मीटर उंचीच्या त्या मेणाच्या पुतळीस देगानें खरे केस लावले, खरा झगा नेसविला आणि इ. स. १८८१ च्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनांत ती मांडली. कित्येक टीकाकारांनीं तिला कुरूप ठरविलें. पुढें आपल्या हयातींत देगानें एकही मूर्ति प्रदर्शनांत ठेवली नाहीं.

यावरून टीकेनें तो खचला असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. कारण प्रदर्शन थांबलें तरी घडविणें थांबलें नाहीं. क्ष-किरणांनीं तपासतां या मूर्तींच्या पोटांत तारा, बाटल्यांचीं बुचें आणि कुंचल्यांचे दांडे आढळले आहेत. ज्यास मूर्ति चिरकाल टिकवावयाची आहे, तो असें भरताड वापरील काय? एका पायावर तोल सांवरून उजव्या पायाचा तळवा पाहणारी नर्तकी त्यानें पुन्हा पुन्हा घडविली. शरीराचा भार कोठें येतो, हाच त्याचा शोध होता. मूर्ति ब्राँझमध्यें ओतणें ही फार मोठी जबाबदारी आहे असें त्याचें मत होतें, अशी नोंद चित्रविक्रेता व्होलार यानें केली आहे.

ती जबाबदारी अखेर वारसांनीं उचलली. इ. स. १९१८ मध्यें एब्रार यांच्या ओतशाळेशीं करार झाला, देगाचा मित्र मूर्तिकार बार्तोलोमे यानें मूर्ति नीटनेटक्या केल्या, आणि आल्बिनो पालात्सोलो या कारागिरानें ७० हून अधिक मूर्तींचे ब्राँझचे संच ओतले. मेण वितळवून त्या जागीं धातु ओतण्याची ही विद्या आपल्याकडेही जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लासां’त ती वर्णिली आहे. या रीतींत मेणाचा नाश ठरलेला असतो. पालात्सोलोनें मात्र आधीं सांचे घेऊन मेणाच्या दुसऱ्या प्रति केल्या व त्याच वितळविल्या. म्हणून मूळ मूर्ति वांचल्या. इ. स. १९५५ मध्यें त्या न्यूयॉर्क येथें लोकांसमोर आल्या, आणि त्यांतील बहुतेक आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्यें आहेत.

वारसांनीं योग्य केलें काय? आमच्या मतें त्यांस फार दोष देतां येणार नाहीं. मेण ठिसूळ, ब्राँझ नसतें तर पॅरिसच्या, न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतील हजारों प्रेक्षकांस या नर्तकी दिसल्याच नसत्या. परंतु गवयाचा पहाटेचा रियाज दाराआडून ऐकून कोणीं त्याची तबकडी काढावी, तसा हा प्रकार आहे. तबकडी मोलाची खरी, पण ती मैफल नव्हे. देगाच्या बोटांखालीं या पुतळ्या रोज बदलूं शकत होत्या. धातूनें त्यांचें बदलणें कायमचें थांबविलें. म्हणून ब्राँझच्या चकाकीपुढें उभ्या राहणाऱ्या रसिकानें मेणावर उमटलेले अंगठ्याचे ठसे त्या धातूंतही शोधावे. शिल्पकाराचा हात तेथेंच सांपडतो.