वयाच्या टप्प्यांवर उद्यमाची प्रेरणा : शेठ वालचंद हिराचंद यांचा वारसा

नोकरी मिळाली नाही म्हणून किंवा घरची गादी चालत आली म्हणून मनुष्य व्यापारात पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु प्रत्येक वयाची ओढ निराळी असते. विशीत स्वतःला सिद्ध करावयाचे असते, तर साठीकडे झुकताना मागे काय ठेवून जावे, हा प्रश्न अधिक मोठा वाटू लागतो. शेठ वालचंद हिराचंद यांच्या चरित्रात हे सारे टप्पे एकत्र पाहावयास मिळतात, आणि त्यांतील एक महत्त्वाचा टप्पा नाशिक जिल्ह्याच्या भूमीवर घडला आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. कापसाचा व्यापार आणि सावकारी ही घरची पेढी. शिक्षण अर्धवट सुटल्यावर पेढीवर बसणे हाच सरळ मार्ग होता. वालचंद यांचे मन मात्र त्यात रमले नाही. पूर्वी रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि विशीतच रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली. एकाजवळ कामाची माहिती होती, दुसऱ्याजवळ भांडवल व धडाडी. वडिलार्जित वाट सोडून स्वतःची वाट शोधणे, ही त्या वयाची प्रेरणा होती.

१९१९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, प्रेरणा पालटली. कंत्राटदारीत जम बसलेला असतानाही नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून ही स्पर्धा मोडू पाहिली आणि १९२३ साली सिंदियाला मर्यादा घालणारा करार पत्करावा लागला. तरीही कंपनी टिकली. येथे नफ्याइतकाच स्वाभिमानही पणास लागलेला होता.

पन्नाशीत त्यांची दृष्टी जमिनीकडे वळलेली दिसते. १९३२ साली साखरधंद्यास जकातीचे संरक्षण मिळाले आणि १९३३ साली मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे साखर उद्योग उभा राहिला. कंत्राटाचे उत्पन्न काम संपले की थांबते. ऊस आणि कारखाना यांची सांगड मात्र गावाला वर्षानुवर्षे काम देऊ शकते. १९४२ पासून येथे गोळ्या-मिठाई बनू लागली आणि रावळगावचे नाव घरोघरी पोहोचले. २०२४ साली या मिठाईचे बोधचिन्ह दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेले.

साठीच्या उंबरठ्यावर तर धाडस अधिकच वाढले. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ साली विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा पाया घातला गेला, तर १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. युद्धकाळात, १९४२ साली, सरकारने विमान कंपनीतील त्यांचा हिस्सा विकत घेतला. स्वतः उभारलेले काम असे हातातून गेले. काम मात्र थांबले नाही. १९६४ साली तिच्यापासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था आकारास आली आणि नाशिकजवळच्या ओझर येथे तिच्याच कारखान्यात मिग विमाने तयार झाली.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद यांचे निधन झाले. विशाखापट्टणमच्या गोदीतील ‘जलउषा’ हे जहाज १९४८ साली पाण्यात उतरलेले त्यांना पाहता आले. ओझरचे विमान मात्र त्यांनी पाहिले नाही. तरुण वयात सुरू केलेल्या उद्योगाचे फळ बहुधा स्वतःस चाखता येते. उतारवयात लावलेल्या झाडाची सावली पुढच्यांसाठी असते, हे जाणूनही जो ते लावतो, त्याच्या उद्यमाला व्यापारापलीकडचा अर्थ लाभतो.