करमाळ्याचा गोडा किनारा : उजनीकाठी वस्तीला कोण येते आणि का?

भरपूर ऊन आणि बारमाही पाणी एकत्र सापडले, की बाहेरची माणसे तेथे वस्तीला येतात, असा जगभरचा अनुभव आहे. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रिटन व जर्मनीतील निवृत्तांनी घरे घेतली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याची लोकसंख्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच ओढीने वाढली. गोव्यात तर आधी परदेशी हिप्पी आणि नंतर दिल्ली-मुंबईचे धनिक स्थिरावले. या सर्वांना थंडीपासून किंवा शहरी धकाधकीपासून सुटका हवी होती. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यालाही असाच एक उन्हाळ किनारा आहे. तो समुद्राचा नाही, उजनी धरणाच्या फुगवट्याचा आहे, आणि तेथे येणाऱ्यांच्या मनात सुटकेचा विचार क्वचितच असतो. तेथे येतो तो पोट भरण्यासाठी.

करमाळा हा पर्जन्यछायेतील तालुका. पूर्वेला सीना, पश्चिमेला व नैर्ऋत्येला भीमा आणि मधला बराचसा प्रदेश माळरानाचा. ज्वारी, तूर आणि शेळ्या-मेंढ्या ही पूर्वापार उपजीविका. कमलाभवानीचे भव्य मंदिर आणि शहाण्णव पायऱ्यांची विहीर यांसाठी करमाळा शहर प्रसिद्ध असले, तरी एरवी या तालुक्याची ओळख टँकर, चारा छावण्या आणि पुण्याकडे जाणारी तरुण मुले अशीच होती. उन्हाची येथे कधीच टंचाई नव्हती. उणीव होती ती पाण्याची.

उजनी धरणाची पायाभरणी १९६६ मध्ये झाली आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. भीमेवरील या जलाशयाला ‘यशवंतसागर’ असे नाव आहे. धरणाची भिंत माढा तालुक्यात असली, तरी पाण्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंड तालुक्यांपर्यंत पोहोचला. केत्तूर, वाशिंबे, उमरड, चिखलठाण, कुगाव, ढोकरी, वांगी, कंदर ही करमाळ्यातील गावे त्यामुळे अचानक ‘काठावरची’ झाली. पुणे-सोलापूर लोहमार्गही पाण्यामुळे हलवावा लागला.

पहिले नवागत गावचेच

या किनाऱ्यावर सर्वप्रथम वस्तीला आले ते कोणी परके नव्हते. ज्यांची काळी कसदार जमीन आणि दगडी वाडे पाण्याखाली गेले, तेच शेतकरी वरच्या माळावर येऊन राहिले. काहींना लाभक्षेत्रातील इतर गावांत पर्यायी जमिनी मिळाल्या व ते तिकडे गेले. उरलेल्यांनी मुरमाड जमिनीवर नवे गावठाण मांडले. वांगी नंबर एक, दोन, तीन किंवा केत्तूर नंबर एक, दोन अशी गावांची नावे ऐकून बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटते. ते आकडे म्हणजे एका गावाच्या फाटलेल्या वस्तीचा सरकारी हिशेब आहे.

ज्या माळाला पूर्वी कोणी विचारत नव्हते, तो पुढे सोन्याच्या मोलाचा ठरला. जलाशयातून मोटारीने पाणी उचलायचे, जलवाहिनी टाकायची आणि ऊस लावायचा, ही रीत एकदा रुजल्यावर काठच्या गावांचे अर्थकारण दोन दशकांत पालटले. करमाळ्यात ‘आदिनाथ’ व ‘मकाई’ हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यांना ऊस पुरविण्यात या पट्ट्याचा वाटा मोठा होता. कारखान्यांचे पुढचे दिवस बिकट गेले, पण ऊस थांबला नाही. तो शेजारच्या तालुक्यांतील कारखान्यांकडे जाऊ लागला.

अलीकडच्या काळात उसाच्या जोडीला केळी आली. कंदर आणि परिसरातील केळी आखाती देशांत जाते, हे आता जिल्ह्याबाहेरही ठाऊक झाले आहे. यामागे पाण्याइतकाच उन्हाचाही हात आहे. दमट हवेत केळीवर करपा रोग लवकर पसरतो. येथील कोरडी हवा व लख्ख ऊन त्याला बऱ्याच अंशी आवर घालते. ठिबक सिंचन, ऊतीसंवर्धित रोपे आणि घडांना प्लास्टिकच्या पिशव्या घालण्याची पद्धत आली, तसा निर्यातीच्या दर्जाचा माल तयार होऊ लागला. मग पॅकहाऊस आले, शीतगृहे आली आणि त्यांच्या मागोमाग माणसेही आली.

जाळे, कोयता आणि पेटी

येणाऱ्यांचे प्रवाह वेगवेगळे आहेत. ऊसतोडणीच्या टोळ्या बीडसारख्या जिल्ह्यांतून हंगामापुरत्या येतात, पाल ठोकतात आणि पट्टा पडला की परततात. केळी कापणे, धुणे, प्रतवारी करून पेट्या भरणे या कामात परप्रांतीय मजुरांच्या टोळ्या दिसतात. हे काम बारमाही असल्याने त्यांचा मुक्कामही लांबतो. शेताच्या बांधावरील पत्र्याच्या खोलीत चूल मांडली जाते, हळूहळू कुटुंब येते, आणि मुलाला शाळेत घालायचे की नाही हा प्रश्न उभा राहतो.

मासेमारीची गोष्ट निराळी. भीमेकाठचे भोई पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आले होते. नदीचा जलाशय झाल्यावर व्यवसायाचा पसारा वाढला आणि आंध्रकडील मच्छीमार कुटुंबेही काठावर येऊन राहिली. स्थानिक बाजारात ‘चिलापी’ या नावाने विकला जाणारा तिलापिया, कटला, रोहू, वाम असे मासे येथून भिगवण व इंदापूरच्या बाजारात जातात. बारीक आसाच्या जाळ्यांनी माशांची पिले काढली जातात, ही स्थानिकांची जुनी तक्रार. तीत तथ्य आहे. मात्र तिचा सगळा रोख परगावच्या मच्छीमारांवर असतो, ही पिले विकत घेणारे व्यापारी कोठले याची चर्चा फारशी होत नाही.

हिवाळ्यात आणखी एक पाहुणा येतो. रोहित पक्षी अर्थात फ्लेमिंगो उथळ पाण्यात उतरले, की पलीकडच्या काठावर कुंभारगाव-भिगवण परिसरात पर्यटकांची रीघ लागते. करमाळ्याच्या बाजूलाही पक्षी तेवढेच दिसतात, पण पुणे-सोलापूर महामार्ग पलीकडून जात असल्याने पर्यटनाचा पैसा बव्हंशी तिकडेच राहिला.

सरकणारा काठ

या किनाऱ्याचे खरे वैशिष्ट्य, आणि येथे राहणाऱ्यांची खरी धास्तीही, म्हणजे तो जागेवर राहत नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी जवळपास ५३ टीएमसी उपयुक्त, तर ६३ टीएमसीहून अधिक ‘मृत’ साठा. म्हणजे सरकारी भाषेत धरण शून्यावर आले, तरी निम्म्याहून अधिक पाणी जलाशयात असते. महाराष्ट्रातील फार थोड्या धरणांचा मृत साठा एवढा मोठा आहे. काठावर येऊन राहण्याचे धाडस माणसे करतात, ते या आधारावर. कालव्याचे आवर्तन चुकू शकते, पण जलाशयाच्या तळाशी काहीतरी उरतेच, असा हिशेब असतो.

पाणी मात्र जागचे हलते. पातळी उतरू लागली, की शेतकरी मोटारी पुढे सरकवतात, केबल वाढवतात, जलवाहिनीला नवे पाइप जोडतात, शेवटी गाळात चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात. ज्याच्याकडे पाइपासाठी पैसा आहे त्याचा ऊस वाचतो. टंचाईत वीजपुरवठ्याचे तास घटविले जातात, तेव्हा लहान शेतकऱ्याची पंचाईत अधिक होते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही. परिणामी २०२४ च्या जानेवारीतच साठा शून्याखाली गेला आणि उन्हाळ्याअखेरीस तो उणे ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. पलीकडे पळसदेवचे पुरातन मंदिर उघडे पडले, बुडालेल्या गावांच्या भिंती दिसू लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पुन्हा काठोकाठ भरले.

उघड्या पडलेल्या पात्रात ‘गाळपेर’ करण्याची परंपरा आहे. मूळ जमीन गेलेल्यांना अशा जमिनी भाडेपट्ट्याने देताना प्राधान्य असते. आपल्याच बुडालेल्या शेतात काही महिन्यांसाठी भाडेकरू म्हणून पेरणी करणे, असा हा प्रकार आहे.

सोलापूर शहराच्या पिण्यासाठी भीमेत सोडले जाणारे पाणी हा वर्षानुवर्षे वादाचा विषय राहिला. त्याच्या जोडीला गुणवत्तेचा प्रश्न आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून अखेर येथेच येते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवट तवंग धरतो. तेच पाणी पालावरची माणसे वापरतात.

तालुक्यांतर्गत दरीही लहान नाही. पूर्वेकडील गावांना उजनीचे पाणी मिळावे म्हणून दहिगाव उपसा सिंचन योजना आखण्यात आली. तिच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला काठावरचा केळीबागायतदार दुसऱ्या तालुक्यातला वाटावा, इतका दोघांच्या राहणीत फरक पडला आहे.

काठावर राहण्याची आणखी एक किंमत आहे, ती दळणवळणाची. कुगावसमोर इंदापूर तालुक्याचा काठ डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने तेथे पोहोचण्यास फार मोठा वळसा पडतो. बाजार, दवाखाना, नातेवाइकांकडे जाणे यासाठी लोक होडीचा आधार घेत. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला, त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर जलवाहतुकीच्या सुरक्षिततेचा व पुलाचा विषय ऐरणीवर आला. शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झाला असून, तो वाहतुकीस खुला झाल्यावर करमाळ्याचा हा काठ महामार्गाला थेट जोडला जाईल.